वनाभाऊची वाट

वना गेल्याची बातमी राजकुंवरबाईंना कळली ती मंगळवारी दुपारी, मिठाच्या पोत्यापाशी. सुपडू गाडीवान मीठ न्यायला दुकानात आला होता. मुलगा ज्ञानचंद धुळ्याला माल आणायला गेला होता, म्हणून त्याच गल्ल्यावर बसल्या होत्या. सुपडूने पिशवी पुढे केली आणि तशीच धरून ठेवली.

"अक्का, आमना गावना वनाभाऊ गया. काल सांजले."

राजकुंवरबाईंनी तोंडाला पदर लावला. पण दुसऱ्याच क्षणी त्यांची नजर मागच्या दाराकडे गेली. दाराच्या आत, लोडाला टेकून, डोळे मिटून दलिचंद शेठ बसले होते. झोपले होते की जागे होते, कोण जाणे. त्या चटकन खाली उतरल्या आणि सुपडूला ओट्याच्या टोकापर्यंत घेऊन गेल्या.

"सुपडूभाऊ, यांना सांगू नका. तुमच्या गावातल्या कोणालाच सांगू देऊ नका. पाया पडते तुमच्या."

सुपडू गोंधळला. मान हलवून निघून गेला, मीठ न घेताच.

दलिचंद शेठना लहानपणी सांधेताप आला होता. तो सांधे सोडून गेला, पण काळजात घर करून राहिला, असं धुळ्याचे डॉक्टर म्हणाले. पन्नाशीपर्यंत माणूस ठणठणीत. पिंपळनेरच्या पेठेत आजोबांपासूनचं किराण्याचं दुकान, साखरेचं पोतं एकट्याने सरकवणारा गडी. मग सदुसष्टच्या उन्हाळ्यात माडीचा जिना चढताना धाप लागायला लागली. पाय सुजले, पोट फुगलं, आडवं पडलं की श्वास कोंडायचा. धुळ्याच्या मोठ्या दवाखान्यात बावीस दिवस काढले. शेजारच्या खाटेवर वना होता. पांझरेकाठच्या, पिंपळनेरपासून दोन कोसांवरच्या गावातला शेतकरी. आजार तोच, सूज तीच, गोळ्याही त्याच. गावात भेटले असते तर एक ओट्यावर बसला असता आणि दुसरा ओट्याखाली. इथे खाटेला खाट लागलेली. दोघांनाही आडवं होता येत नव्हतं, म्हणून दोघेही समोरासमोर बसून राहायचे.

घरी आल्यावर वना दर बाजारच्या दिवशी पिंपळनेरला यायचा. गावातल्या डॉक्टरांकडे लघवीचं इंजेक्शन घ्यायचा आणि तिथून थेट दुकानाच्या ओट्यावर. शेठ सकाळपासूनच त्याच्यासाठी जाजम टाकून ठेवायला लावायचे. मग दोघे धोतर गुडघ्यापर्यंत वर घ्यायचे आणि एकमेकांच्या नडगीवर अंगठा दाबून बघायचे. कोणाचा खड्डा खोल पडतो, कोणाचा लवकर भरतो.

"शेठ, तुमना पायमा तं हीर खंदी गई!" वना म्हणायचा. तुमच्या पायात तर विहीरच खणली गेली. आणि दोघे खोकला येईस्तोवर हसायचे.

त्यांचं हसणं ऐकलं की राजकुंवरबाई हातातलं काम सोडून दाराआड येऊन उभ्या राहायच्या. दोघांना मीठ बंद होतं. जैनांच्या घरात आयंबिलाच्या दिवसांत अळणी रांधायची सवय असतेच, पण ते नऊ दिवस. इथे बारा महिने. नवरा अळणी खातो म्हणून त्यांनी स्वतःही मीठ सोडलं होतं. हे त्यांनी शेठना सांगितलं नव्हतं, आणि त्यांच्या ते लक्षातही आलं नसावं. पण वनाने घरून आणलेली मिरचीची अळणी चटणी ते बोट चाटून खायचे.

एकदा दाराआडून त्यांनी ऐकलं होतं. शेठ हळूच विचारत होते, "वनाभाऊ, पाण्यात बुडाल्यासारखं होतं का रे तुला?"

"व्हस ना शेठ. सपनमा बी व्हस."

"मला वाटलं, मला एकट्यालाच."

एवढंच. पण राजकुंवरबाई तशाच दाराला धरून उभ्या राहिल्या. तीस वर्षांच्या संसारात या माणसाने आपल्याला कधी सांगितलं नव्हतं की त्याला बुडाल्यासारखं होतं. विचारलं की म्हणायचे, "बरं आहे. तू काळजी करू नकोस."

आता वना गेला होता. रडू तर त्यांना आलंच. पण त्या रडण्याच्या तळाशी एक विचार येऊन गेला, आणि त्याची त्यांना पुढे जन्मभर लाज वाटली. आता तरी हे मला सांगतील.

ज्ञानचंद धुळ्याहून परतल्यावर मायलेक मागच्या अंगणात बोलले.

"बाई, अजिबात सांगायचं नाही," ज्ञानचंद म्हणाला. तो आईला बाई आणि वडिलांना भाऊ म्हणायचा. "डॉक्टर काय म्हणाले होते? धक्का बसता कामा नये. भाऊंना हे सहन होणार नाही."

"मग विचारलं तर?"

"मुलीकडे गेला म्हणून सांग. जामनेरला."

वनाची मुलगी खरंच जामनेरला दिली होती. खोटं असं सोपं झालं.

पहिल्या बाजारला शेठ जाजमावर बसून राहिले. ऊन ओट्यावर चढलं, उतरलं. राजकुंवरबाईंनी सांगितलं, "वनाभाऊ मुलीकडे गेलेत म्हणे, हवापालटाला."

"मला न सांगता?" शेठ म्हणाले. मग स्वतःच म्हणाले, "अचानक ठरलं असेल."

दुसऱ्या बाजारला त्यांनी सुपडूला हाक मारली. सुपडूने लांबूनच हात केला आणि बैल हाकलले. तिसऱ्या बाजारला जाजम टाकू नका म्हणाले, पण बसले ओट्यावरच. रस्त्याने कोणी टोपीवाला, जरा वाकून चालणारा माणूस दिसला की त्यांची मान वर व्हायची. राजकुंवरबाई आतून बघायच्या. रोज ठरवायच्या, आज सांगू. आणि रोज त्यांच्या निळसर ओठांकडे पाहून गप्प बसायच्या.

आणि जे त्यांना हवं होतं ते झालंच नाही. शेठ त्यांच्याशी जास्त बोलायला लागले नाहीत. उलट बोलणंच आटलं. सूज वाढली तरी पाय दाखवेनात. डॉक्टर इंजेक्शन द्यायला घरी यायचे, तेव्हा भिंतीकडे बघत राहायचे. एकदा जेवताना म्हणाले, "त्याला बरं वाटलं असेल. बरं झालेल्या माणसाला आजारी माणसाकडे यावंसं वाटत नाही." राजकुंवरबाईंनी त्यांच्या वाटीत डाळ वाढली.

पाचव्या बाजारला बेबाबाई आली. वनाची बायको. राजकुंवरबाईंनी तिला दवाखान्यात पाहिलं होतं, अंगाने काटक, डोळ्यात डोळा घालून बोलणारी. ती पेठेच्या वळणावर दिसताच त्या चपला न घालता रस्त्यावर उतरल्या आणि तिला बोळात ओढलं.

"बेबाबाई, थांबा. यांना माहीत नाही."

बेबाबाई बघतच राहिली. "काय माहीत नही?"

"वनाभाऊ गेल्याचं. आम्ही सांगितलं नाही. डॉक्टर म्हणाले होते..."

बेबाबाईने त्यांच्या हातातून आपला हात सोडवून घेतला. मग म्हणाली, "तेरा दिन मी वाट दखी, अक्का. शेठकडथून कोनीच उनं नही. माले वाटनं, मोठा लोके, कशाला येतीन गरिबना दारशे? दवाखानामा भाऊ भाऊ करं, आन् मरावर चिठ्ठी बी नही."

हे राजकुंवरबाईंच्या मनातच आलं नव्हतं. नवऱ्याला जपायचं म्हणून त्यांनी वनाचं घर वाऱ्यावर सोडलं होतं. साधं दारावर जाणं, दोन शब्द बोलणं, एवढंही झालं नव्हतं.

"माझं चुकलं," त्या म्हणाल्या. "शिव्या द्या मला. पण आज घरी जा."

"नही. त्यासनी माले सांगेल शे. 'बाजारले गई की शेठना पाय दखजो.' मी पाय दखी जासू."

आणि ती बोळातून निघाली. राजकुंवरबाई मागोमाग धावल्या, पण ती ओट्यासमोर पोचली होती. शेठनी मान वर केली. चेहरा आधी उजळला, "वहिनी! कधी आलात जामनेरहून? वनाभाऊ..." आणि मग नजर तिच्या कपाळावर गेली. तिथे कुंकू नव्हतं. हातात काकणं नव्हती.

शेठना धाप लागली नाही, ते कोसळले नाहीत, काहीच झालं नाही. फक्त त्यांचा हात शेजारच्या रिकाम्या जागेवरून दोनदा फिरला.

"कधी?" त्यांनी विचारलं.

"महिना व्हई गया, शेठ."

त्यांनी राजकुंवरबाईंकडे पाहिलं. त्या ओट्याखाली अनवाणी उभ्या होत्या. "वर या वहिनी, बसा," एवढंच म्हणाले.

बेबाबाई ओट्यावर बसली, वना बसायचा तिथेच. आधी तिने त्यांचे पाय पाहिले. अंगठा दाबला, खड्डा पाहिला, आणि खरं ते सांगितलं, "सूज वाढेल शे." मग शेठनी विचारलं, आणि राजकुंवरबाई दाराआड उभ्या राहून ऐकत राहिल्या.

"कसं झालं ते सांगा. काही लपवू नका. मलाही त्याच वाटेने जायचंय."

बेबाबाईने सांगितलं. दोन दिवस लागले. वनाला मागे टेकता येईना, पुढे वाकता येईना. हातपाय थंड पडले. घरच्यांनी धुळ्याला नेण्यासाठी गाडी बघितली, पण वनाने तिचा हात धरला आणि मान हलवली. उशा ठेवल्या तर सरकायच्या. शेवटी ती त्याच्या मागे बसली, पाठीला पाठ लावून. दीड दिवस. त्याला आधार हवा तेवढा तो टेकायचा, नको असला की पुढे व्हायचा.

"घाबरला होता?"

खोटं बोलायची बेबाबाईला सवय नव्हती.

"घाबरनात. पहिला दिन भलता घाबरनात. मंग माले बोलनात, 'बेबा, तू कोठे जाऊ नको.' मी सांगं, नही जावाव. मंग शांत व्हयनात. रडनात बी जरासं. आन् मंग नही रडनात."

शेठ ऐकत होते. त्यांच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसत नव्हते. लग्न झाल्यापासून राजकुंवरबाईंनी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं.

बेबाबाई गेल्यावर त्या समोर येऊन बसल्या. बोलणी खायची तयारी होती. शेठ ओरडले नाहीत. ओरडण्याइतका श्वासच नव्हता.

"महिनाभर मी त्याला मनातून दूषणं देत होतो," ते म्हणाले. "बरा झाला आणि विसरला म्हणून. तो मेला होता, आणि मी त्याला दूषणं देत होतो."

"तुम्हाला त्रास होईल म्हणून..."

"त्रास मला होणारच आहे, राज. तो तू कसा चुकवणार? पण माझ्या मित्राचं दुःख तरी माझं होतं ना? तेही तुम्ही वाटून घेतलंत आणि मला बाहेर ठेवलंत. जिवंतपणीच मला मेलेल्यांत काढलंत."

त्या रडायला लागल्या. आणि रडता रडता जे दीड वर्ष पोटात ठेवलं होतं ते बाहेर पडलं. धुळ्याच्या डॉक्टरांनी त्यांना व्हरांड्यात बोलावून सांगितलं होतं, वर्ष, फार तर दोन वर्षं. ही दुखणी बरी होत नाहीत. सांभाळायचं, बस. ते ऐकून त्या आत गेल्या होत्या आणि हसून शेठना म्हणाल्या होत्या, डॉक्टर म्हणतात, पावसाळा संपला की चालायला लागाल.

"मला माहीत होतं," शेठ म्हणाले. "तू आत आलीस तेव्हा तुझा पदर ओला होता. मी म्हटलं, ही हसतेय तर हसू दे."

म्हणजे दीड वर्ष दोघेही एकमेकांना सांभाळत होते, आणि दोघेही एकटेच होते. राजकुंवरबाईंनी त्यांचा पाय मांडीवर घेतला. थंड, गुळगुळीत, ताणलेला पाय. "बुडाल्यासारखं होतं का हो?" त्यांनी विचारलं. शेठनी चमकून पाहिलं आणि मग हळूहळू मान हलवली. त्या दिवशी ते खूप बोलले, थांबत थांबत. धुळ्याला आता नेऊ नका. लेक धनकुंवरला सासरहून वेळेवर बोलवा, पण तिच्यासमोर सगळे मिळून रडत बसू नका. आणि एक गोष्ट आताच करायची आहे. वनाच्या दारावर जायचंय.

ज्ञानचंदने विरोध केला. कच्चा रस्ता, गाडीचे हिसके, वाटेत काही झालं तर? राजकुंवरबाई म्हणाल्या, "झालं तर वाटेत होईल. गादी टाक गाडीत." आईचा असा आवाज त्याने कधी ऐकला नव्हता.

सुपडूच्याच गाडीतून गेले. दोन कोस जायला दुपार लागली. सुपडू बैलांना चालवतच नेत होता, दर नाल्यापाशी थांबत होता. वनाच्या अंगणात शेठना उतरवायला चार माणसं लागली. भिंतीला टेकून ते तासभर बसले. बेबाबाईने बिनमिठाच्या बाजरीच्या भाकरीचा तुकडा पुढे केला, आणि सूर्यास्ताच्या आत घास घ्यायचा म्हणून शेठनी तो तिथेच खाल्ला. राजकुंवरबाईंनी दोन्ही हातांनी बेबाबाईचे हात धरले आणि मोठ्याने, अंगणातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "आम्ही यायला हवं होतं. आलो नाही. चूक माझी."

त्यानंतर बेबाबाई दर बाजारला यायला लागली. दिवाळी गेली, थंडी सुरू झाली. ती यायची ती थेट आत. शेठच्या पायांना तेल लावताना चोळायचं नाही, खालून वर हात फिरवायचा, कातडी पातळ झालेली असते, हे तिने दाखवलं. पाणी मोजून द्यायचं असतं तेव्हा घोट देण्याआधी ओल्या फडक्याने ओठ टिपायचे, म्हणजे तहान फसते. पुढे चौरंग ठेवून त्यावर उशी द्यायची, म्हणजे दमलेलं डोकं टेकवता येतं. टाचेखाली कपड्याची चुंबळ. आणि पंधरा वेळा "कसं वाटतंय" विचारायचं नाही. "इचारं की त्यास्ले आपलाकरता हासनं पडस," ती म्हणाली. विचारलं की त्यांना आपल्यासाठी हसावं लागतं. हे सगळं तिला कोणी शिकवलं नव्हतं. वनाच्या अंगावर ती शिकली होती, चुकतमाकत. गावातले डॉक्टर एकदा चौरंग बघून म्हणाले, "हे मला सुचायला हवं होतं."

शेठ बरे झाले नाहीत. बरे होणारच नव्हते. पौषात गोळ्यांचा गुण येईनासा झाला, इंजेक्शन देऊनही लघवी थोडीच व्हायची. पण दिवसातला थोडा वेळ ते बोलायचे, राजकुंवरबाईंशी. लहानपणच्या, मारवाडातल्या आजीच्या, वनाच्या गोष्टी. एकदा म्हणाले, "तू अळणी खातेस ना?" त्यांना ते कधीचं कळलं होतं. "उद्यापासून मीठ घाल तुझ्या ताटात. तू तरी चव घे." त्यांनी होकार दिला, पण घातलं नाही.

माघात एका सकाळी त्यांना मागे टेकवेना. ज्ञानचंदने सुपडूकरवी बेबाबाईला निरोप धाडला आणि धनकुंवरला तार केली. डॉक्टर येऊन गेले, म्हणाले, धुळ्याला न्यायचं असेल तर आताच. राजकुंवरबाईंनी शेठकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली, नाही.

बेबाबाई आली तेव्हा राजकुंवरबाई त्यांच्या पाठीमागे बसून त्यांना तोलू पाहत होत्या. पण त्या बारीक, त्यांना ते वजन पेलेना. शेठ एका बाजूला कलायला लागले. "ज्ञान," ते म्हणाले.

ज्ञानचंद दारात उभा होता. आजारपण सुरू झाल्यापासून तो वडिलांच्या खोलीत कामापुरताच यायचा, औषधाची बाटली ठेवायचा आणि निघायचा. त्याला तिथे थांबणं सहनच व्हायचं नाही. आता तो आला आणि वडिलांच्या पाठीला पाठ लावून बसला. सहा फूट उंच, रुंद पाठीचा मुलगा. शेठनी पूर्ण भार टाकला आणि त्यांचे खांदे खाली आले.

दुपारभर तो तसाच बसला. त्याला वडिलांचा चेहरा दिसत नव्हता. समोर फक्त भिंत होती. राजकुंवरबाईंनी पुढे बसून त्यांचे दोन्ही हात धरले होते, बेबाबाईच्या मांडीवर त्यांचे पाय होते. नवकार मंत्र म्हणता म्हणता राजकुंवरबाईंचा आवाज मधेच तुटायचा, मग ज्ञानचंद तो भिंतीकडे बघत पुढे चालवायचा. एकदा शेठनी डोळे उघडले. "भीती वाटते का?" राजकुंवरबाईंनी विचारलं. "थोडी," ते म्हणाले. "आम्ही इथेच आहोत," त्या म्हणाल्या. "कुठे जाणार नाही."

ऊन खिडकीतून निघून गेलं. शेठचे डोळे अर्धे उघडे होते. राजकुंवरबाईंना वाटत होतं, ते आपल्याकडेच बघताहेत.

"बाई," ज्ञानचंद भिंतीकडे तोंड करूनच म्हणाला. त्याचा आवाज लहान पोरासारखा झाला होता. "बाई, भाऊंचा श्वास लागत नाहीये मला पाठीला."

तो उठला नाही. आपण उठलो तर ते पडतील, एवढंच त्याला कळत होतं. बेबाबाईने त्याच्या खांद्यावर हात ठेवला तेव्हा तो सरकला, दोघींनी शेठना धरलं, आणि पावणेदोन वर्षांनी पहिल्यांदा त्यांना आडवं निजवलं. ज्ञानचंद भिंतीपाशी तसाच बसून राहिला. संध्याकाळी धनकुंवर उतरली तेव्हाही त्याचा सदरा पाठीवर घामाने ओला होता, आणि तो बदलू देत नव्हता.

रीतीप्रमाणे राजकुंवरबाई मागच्या खोलीच्या कोपऱ्यात बसल्या. नातेवाईक बायका यायच्या, पदर ओढून रडायच्या, निघून जायच्या. कोणीतरी म्हणालं, सुटले बिचारे. राजकुंवरबाईंना ते शब्द अंगावर ओरखडल्यासारखे लागले. सगळं त्यांनी केलं होतं, शेवटी काही लपवलं नव्हतं, जे बोलायचं ते बोलून झालं होतं. त्याने दुःख कमी होईल, असं त्यांना वाटलं होतं. तसं झालं नाही. सकाळी उठलं की हात आपोआप फडकं ओलं करायला जायचा. पाणी मोजायच्या भांड्याकडे बघवत नव्हतं.

बाजारच्या दिवशी बेबाबाई आली. बायकांनी तिला जागा दिली नाही, ती दाराशी बसली. बायका गेल्यावर सरकत सरकत राजकुंवरबाईंजवळ आली.

"बेबाबाई," त्या म्हणाल्या, "त्यांना कसं बसवायचं, कसं पुसायचं, सगळं तुम्ही सांगितलंत. आता हे सांगा. पुढचे दिवस कसे काढायचे?"

बेबाबाईने जमिनीवरून हात फिरवला.

"माले बी माहीत नही, अक्का," ती म्हणाली. "मी तं तुमलेच इचाराले उनू."

मग दोघी तशाच बसून राहिल्या. बाहेर बाजार उठत आला होता, ज्ञानचंद दुकानात कोणाला तरी काही तोलून देत होता. थोड्या वेळाने तिच्या गावच्या फाट्यावरून जाणारी शेवटची एस.टी. गेली, म्हणजे बेबाबाईला आता चालतच घरी जावं लागणार होतं. पण ती उठली नाही, आणि राजकुंवरबाईंनीही तिला आठवण करून दिली नाही.